शेजारच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली, तर कापायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजाऱ्यांच्या झाडाची एक मोठी फांदी कुंपण ओलांडून तुमच्या छपरावर आली आहे. वारा सुटला की ती छपराला घासते, पाल्याने पन्हळ तुंबते. तुम्ही तीनदा सांगून पाहिलंत. "झाड वडिलांनी लावलंय, त्याला हात लावायचा नाही," एवढंच उत्तर मिळालं. आता कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की आपल्या हद्दीत आलेला भाग कापण्याचा आपल्याला हक्क असतो, तेव्हा कुंपणाच्या रेषेत करवत लावा आणि मोकळे व्हा. तसं करावं का?

करू नका. निदान इतक्यात तरी नको. झाडांवर चढून छाटणी करणं आणि झाडांची तपासणी करणं हे माझं काम आहे. या कामात दोन घरांच्या मधोमध उभं राहण्याची वेळ सारखी येते. कुंपणाच्या रेषेत कापलेल्या फांद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि दोन-चार वर्षांनी तेच भांडण आणखी कडवट होऊन परत आलेलंही पाहिलं आहे. त्याचं कारण माणसांच्या स्वभावात थोडं आणि लाकडात जास्त असतं, म्हणून आधी लाकडाबद्दल बोलतो.

फांदी जिथे खोडातून निघते तिथे अगदी जवळून बघा. तिच्या बुडाशी एक फुगीर कडं दिसेल. बाही मनगटाशी दुमडावी तशी साल तिथे जाडसर झालेली असते. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक काळपट खरबरीत घडी असते. हे कडं खोडाचं असतं, फांदीचं नव्हे. फांदी मेली किंवा कापली गेली तर कूज खोडात शिरू नये याची तजवीज झाडाने नेमकी तिथे केलेली असते. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या अ‍ॅलेक्स शायगो या संशोधकाने असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते आणि कुठे थांबते ते तपासलं आणि १९७७ साली त्याची नीट मांडणी केली. आपल्या त्वचेवरची जखम भरते तशी झाडाची जखम भरत नाही. बिघडलेला भाग झाड आतल्या आत कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवत राहतं. कड्याच्या लगेच बाहेर कापलं तर हे काम झाडाला जमतं. काही वर्षांनी तिथे फक्त एक गोल वळ राहतो.

आता तीच फांदी खोडापासून पाच-सहा फुटांवर, कुंपणाच्या रेषेत कापली असं समजा. मागे एक खुंट उरतो. त्यावर पानं नसली तर तो हळूहळू वाळतो आणि कूज त्यातून खोडाच्या दिशेने चालत जाते. खुंट जिवंत राहिला तर दुसरंच होतं. सालीखाली निजलेले डोळे एकदम जागे होतात आणि कापलेल्या टोकाभोवती सरळसोट धुमाऱ्यांचं टोपलं उभं राहतं. त्यांची मुळं लाकडात खोल नसतात, नुसत्या वरच्या थराला ती चिकटलेली असतात. ते जोमाने वाढतात, आधीच्या फांदीपेक्षा दाट होतात आणि वाऱ्यात बुडातून निखळतात. निखळून पडतात ते तुमच्याच छपरावर.

म्हणजे कायद्याची रेघ आणि झाडाची रेघ एका जागी येत नाहीत. कायदा म्हणतो, हद्दीपर्यंत. झाड म्हणतं, माझ्या कड्यापाशी. आणि ते कडं जवळजवळ नेहमी शेजाऱ्याच्या आवारात असतं, जिथे त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला पाय ठेवता येत नाही. तुमच्या छपराचा प्रश्न कायमचा सुटायचा असेल तर करवत त्याच्या बाजूला लागली पाहिजे. तुमचा हक्क कितीही पक्का असला तरी त्याचा होकार तुम्हाला हवा आहे, तो याचसाठी.

हक्काबद्दलही नीट समजून घ्या, कारण "कापता येतं" हे अर्धंच वाक्य आहे. इंग्लंडमध्ये 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात हा प्रश्न हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजाऱ्याच्या जागेत न शिरता, आपल्या बाजूला आलेल्या फांद्या नोटीस न देताही कापता येतात, आणि फांदी कितीही वर्षं तशीच असली तरी झाडमालकाला ती तिथे ठेवण्याचा हक्क मिळत नाही, असा निकाल १८९४ साली लागला. पण तिथेच १९१९ साली 'मिल्स विरुद्ध ब्रूकर' खटल्यात असंही ठरलं की कापलेल्या फांदीवरची फळं झाडमालकाची. कापणाऱ्याने ती विकली होती, त्याला भरपाई द्यावी लागली. जर्मनीच्या नागरी संहितेत आधी वाजवी मुदत द्यावी लागते, मगच फांदी कापता येते, आणि फांदीचा तुमच्या वापराला काही अडथळाच होत नसेल तर तो हक्क मिळत नाही. फ्रान्समध्ये मुळं स्वतः कापता येतात, फांद्यांसाठी मात्र शेजाऱ्याला भाग पाडावं लागतं. जपानमध्येही तसंच होतं. १ एप्रिल २०२३पासून तिथे सुधारणा लागू झाली आणि सांगूनही वाजवी वेळेत मालकाने कापलं नाही तर स्वतः कापण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं की नियम बदलतो. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १९३१ साली सांगितलं की निरोगी झाडाचा त्रास होत असेल तर स्वतः कापा, मालकाकडून भरपाई मिळणार नाही. हवाईच्या न्यायालयाने १९८१ साली एका प्रचंड वडाच्या खटल्यात वेगळी दिशा घेतली: फांद्यांनी खरंच नुकसान केलं असेल किंवा ते होण्याची भीती अगदी जवळ आली असेल तर मालकाला जबाबदार धरता येतं.

याशिवाय वृक्षसंरक्षणाचे कायदे असतात, ते सगळ्यात जास्त विसरले जातात. झाड खासगी जागेत असलं तरी परवानगीशिवाय त्याला इजा करणं अनेक ठिकाणी गुन्हा असतो. महाराष्ट्राच्या शहरांना लागू असलेल्या १९७५च्या अधिनियमात 'झाड तोडणे' याची व्याख्याच एवढी रुंद आहे की जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं त्यात येतं. इंग्लंडमध्ये एखाद्या झाडावर संरक्षणाचा आदेश असेल तर त्या झाडाची साधी छाटणीसुद्धा परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून शेजाऱ्याशी कितीही गोडीगुलाबीने ठरलं तरी करवत काढण्याआधी स्थानिक वृक्ष अधिकारी किंवा नगरपालिकेकडे विचारून घ्या. दोघांच्या नावाने मिळून अर्ज केलात तर आणखी चांगलं. तक्रारीचा अर्ज आणि संमतीचा अर्ज यांच्याकडे कचेरीत वेगळ्या नजरेने पाहिलं जातं, हा माझा अनुभव आहे.

आता माणसांकडे येतो. तुम्ही तीनदा सांगितलंत म्हणता. कुठून सांगितलंत? बहुतेक त्यांच्या दारात उभं राहून, किंवा कुंपणावरून. तिथून त्यांना त्यांचं झाड दिसतं ते बुंध्याकडून: सावली, पाखरं, वडिलांनी घातलेला पार. तुम्हाला ते दिसतं ते फांदीच्या टोकाकडून. झाडाचा मालक आपल्या झाडाची तुमच्याकडची बाजू कधी बघतच नाही. एकदा एका बाईंच्या झाडावरून असाच अबोला होता, तोही सहा-सात वर्षांचा. झाड त्यांच्या नवऱ्याच्या हातचं, आणि नवरा गेलेला. त्यांच्या दृष्टीने फांदी कापा म्हणणारा शेजारी दुष्टच होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की कापायचं नंतर बघू, आधी तिकडून बघून तर घेऊ. पुष्कळ आढेवेढे घेऊन त्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर आल्या. गच्चीच्या कठड्याला जिथे फांदी टेकत होती तिथे सिमेंटमध्ये हाताची चार बोटं बसतील एवढी खाच पडली होती. फांदीची सालही तिथे पार सोलून आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. बाईंनी आधी त्या सोललेल्या जागेवरून हात फिरवला, कठड्याकडे नंतर पाहिलं. "हिला किती दुखत असेल," असं म्हणाल्या. त्या क्षणापासून फांदी कापणं हे झाडावरचं आक्रमण राहिलं नाही. मी लाल फीत काढली आणि त्यांच्या हातात दिली. कुठे कापायचं ते आम्ही खालून दाखवलं, फीत त्यांनी स्वतः माझ्या माणसाकडून बांधून घेतली.

ही फीत मी आजही प्रत्येक कामात वापरतो. कारण "जरा फांद्या कमी करा" या वाक्याचा अर्थ दोन घरांत दोन वेगळे असतात. एकाच्या मनात एक डहाळी असते, दुसऱ्याच्या मनात अर्धं झाड. भांडण बऱ्याचदा कापायचं की नाही यावरून नसतंच, किती कापायचं ते कुणीच न बोलल्यामुळे असतं. फीत बांधली की चर्चा एका जागेवर येते: ही फांदी, इथून. बाकीच्या झाडाला हात लागणार नाही हे मालकाला डोळ्यांनी दिसतं आणि त्याचा जीव भांड्यात पडतो.

तेव्हा तुम्ही असं करा. या आठवड्यात कापण्याचा विषयच काढू नका. "आमच्या छपरावरून एकदा बघायला याल का?" एवढंच विचारा. ज्या दिवशी पन्हळ तुंबून तुमचा संताप झालाय त्या दिवशी विचारू नका, कोरड्या, शांत दिवशी विचारा. त्यांच्या घरातल्या कोणाचं तुमच्या घरात कोणाशी बरं बोलणं असेल तर निरोप त्या वाटेने जाऊ द्या. पहिल्या भेटीला वकिलाचं किंवा नोटिशीचं नाव काढू नका, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या सोसायटीत टाकू नका. चारचौघांत लाज गेलेला माणूस मग झाडासाठी भांडत नाही, स्वतःच्या मानासाठी भांडतो, आणि तिथून त्याला परत आणणं फार कठीण.

खर्चाचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: निम्मा खर्च तुम्ही आपणहून देऊ करा. तुमच्याकडचा नियम तो मालकावर टाकत असेल तरीही. वकिलाच्या पहिल्या दोन पत्रांपेक्षा तो बहुधा कमीच भरतो, आणि "माझ्या पैशाने माझंच झाड कापायचं का" हा मालकाच्या मनातला सल निघून जातो. निम्म्या खर्चाबरोबर माणूस निवडण्यात तुम्हालाही शब्द मिळतो. कुऱ्हाड घेऊन दारोदार फिरणाऱ्याला देऊ नका. जो माणूस शेंडा उडवून देतो म्हणतो, किंवा खोडाशी अगदी सपाट कापून वर रंग फासतो म्हणतो, त्याला परत पाठवा. रंगाने कूज थांबत नाही, आणि सपाट कापलं की कडंच निघून जातं. मोठी फांदी तीन कापांत निघते. पहिला काप खालून, खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. वजन खाली गेलं की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, कड्याच्या लगेच बाहेर. पहिला काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल हातभर सोलत नेते, आणि ती जखम झाडाला आयुष्यभर पुरते. एका हंगामात जिवंत पालवीचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा समजा. म्हाताऱ्या झाडाला तेवढंही जास्त होतं. घरटी आहेत का ते आदल्या दिवशी बघून घ्या, पिल्लं असतील तर काम पुढे ढकला. आणि फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर तुम्ही, मी किंवा तो माणूस, कुणीही हात लावायचा नाही. वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद झाल्यावरच काम.

ठरलं की चार ओळी लिहून घ्या. करारनाम्याचा थाट नको. "अमुक बाजूची, लाल फीत बांधलेली फांदी, फितीपाशी. अमुक तारखेला, अमुक माणसाकडून. खर्च निम्मा-निम्मा. लाकूड झाडमालकाचं. कामासाठी एक दिवस दोन्ही आवारांत ये-जा करायला हरकत नाही." दोघांच्या सह्या आणि फीत दिसेल असा एक फोटो. लाकडाची ओळ मुद्दाम घाला. कापलेली फांदी बहुतेक ठिकाणी झाडमालकाचीच धरतात, आणि सगळं सुरळीत झाल्यावर लाकडावरून बिनसलेलं मी पाहिलं आहे. पडलेल्या फळांचं तर प्रत्येक देशात वेगळं आहे. जर्मनीत शेजारच्या जमिनीवर आपोआप गळून पडलेलं फळ त्या जमिनीचं मानतात. प्राचीन रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात उलट होतं, तिथे झाडमालकाला शेजाऱ्याच्या जमिनीवर पडलेलं फळ गोळा करून आणता येत असे. त्याच कायद्यात शेजारच्या शेतावर सावली पडू नये म्हणून झाडाच्या फांद्या जमिनीपासून १५ फूट उंचीपर्यंत छाटण्याचाही नियम होता. अडीच हजार वर्षांमागेही माणसं याच गोष्टीवरून भांडत होती.

शेजारी आलेच नाहीत, तर? मग लेखी कळवा, पण पत्रात राग नको, माहिती हवी: कोणती फांदी, कशाला लागते, काय नुकसान झालं, तारखेसह फोटो, आणि पाहून जाण्याची विनंती. या कागदाला वजन असतं. धडधाकट झाड वादळात पडलं तर बहुतेक ठिकाणी मालकाला दोषी धरत नाहीत. पण धोका दिसत होता, त्याला कळवलंही होतं आणि तो गप्प बसला, असं असेल तर चित्र बदलतं. सोसायटी असेल तर समिती, नाहीतर दोघांनाही मान्य असा एखादा वडीलधारा किंवा मध्यस्थ, हे कोर्टाच्या आधी. एवढं करूनही काहीच हललं नाही आणि तुमच्याकडचा कायदा परवानगी देत असेल, तर तुमच्या बाजूने कापा, पण कुंपणाच्या रेषेत आंधळेपणाने कापू नका. रेषेच्या अलीकडे, तुमच्या हद्दीत, फांदीला फुटलेली एखादी दमदार उपफांदी शोधा. तिची जाडी मुख्य फांदीच्या निदान एक तृतीयांश असावी. तिच्या लगेच पुढे कापा. ती उपफांदी रस ओढत राहते, टोक जिवंत राहतं आणि धुमारे कमी फुटतात. छपराला घासणारं टोक गेलं की तुमची मुख्य अडचण संपते, मग फांदी हद्दीत चार फूट राहिली म्हणून काय बिघडलं?

तुम्ही मुळांबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येईल म्हणून सांगून ठेवतो, कारण खरा अपघात तिथे होतो. फांदी चुकीची कापली तर झाड कुरूप होतं. मूळ चुकीचं कापलं तर झाड आडवं होतं, तेही लगेच नव्हे, एक-दोन वर्षांनी, एखाद्या वादळी रात्री. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांच्या मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. आपल्या बाजूला भिंतीसाठी सरळ चर खणला की एका बाजूचे सगळे दोर एकदम तुटतात. अंदाजासाठी हिशोब असा: छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारापट अंतरापर्यंतची माती झाडाची समजा. खोड ५० सेंटिमीटर असेल तर ६ मीटर. त्या आत खणायचं तर हाताने, आणि मनगटाएवढं मूळ लागलं की थांबून जाणकाराला बोलवा. व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे या झाडाला दीड मीटरच्या आत, मोठं मूळ कापूच नका. नळ-गटारांचं एक लक्षात घ्या. मुळं चांगला पाइप सहसा फोडत नाहीत. सांधा गळत असतो, ओल बाहेर येते, केसाएवढं मूळ आत शिरतं आणि मग जाड होतं. मूळ कापून पाइप तसाच ठेवलात तर वर्षभरात पुन्हा तेच. भेगांचंही तसंच. चिकणमातीत झाड पाणी ओढून जमीन आकसवू शकतं हे खरं, पण प्रत्येक भेग झाडाची नसते. भेगेच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीने खुणा करा, वर्षभर दर महिन्याला अंतर मोजून लिहा, आणि मगच झाडावर बोट ठेवा.

पाला आणि सावलीबद्दल फार लिहीत नाही. पन्हळीवर जाळी बसवा, झडतीच्या दिवसांत पंधरवड्याला साफ करा. नुसता पाचोळा पडतो म्हणून मोठी फांदी मागू नका, त्यात तुमची बाजू दुबळी आहे आणि खऱ्या मागणीचंही वजन जातं. धोक्याची लक्षणं मात्र वेगळी आणि तिथे थांबायचं नाही. बुंध्याशी अळंब्यांचे कठीण थर, बुडापाशी माती उचललेली किंवा अर्धगोल भेग, दोन मोठ्या फांद्यांच्या अरुंद बेचक्यात साल आत चेपलेली आणि तिथून उतरलेली चीर, ऐन पालवीत एकच फांदी उघडी. यातलं काही दिसलं तर फितीची वाट बघू नका. त्याच दिवशी शेजाऱ्यांना आणि वृक्ष अधिकाऱ्यांना कळवा आणि फांदीखालची जागा मोकळी करा.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, म्हणून तुमच्याकडे वेळ आहे असं मी धरतो. छाटणी झाली की दोन वर्षांनी शेजाऱ्यांना पुन्हा बोलवा. कड्याभोवती नव्या लाकडाची गोल कड उठली आहे का आणि आजूबाजूला धुमारे आले आहेत का ते दोघांनी मिळून बघा, तुमच्या छपरावरूनच. धुमारे आलेच असतील तर तेव्हा ते बोटाएवढेच असतात आणि साध्या कात्रीने निघतात.